चौरंग हलेना

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस परतीच्या वाटेला लागलाय. आता दिवाळीची साफसफाई निघेल आणि माळ्यावरून, कोठीतून जुनं लाकूडसामान खाली येईल. आजोबांची आरामखुर्ची, पणजीचा पेटारा, एका पायानं लंगडं झालेलं मेज. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका. दुसरा म्हणतो, पॉलिश करू. मी दुसऱ्या तटातला. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे मधेच दूध उतू गेलं आणि तुम्ही उठलात तरी हरकत नाही: पावसात पॉलिश करायचं नाही. पुन्हा सांगतो, पावसात पॉलिश नाही.

हे मला आमच्या गणपतीनं शिकवलं.

आमचं मूळ घर अंत्रुज महालात, म्हणजे गोव्यातल्या फोंड्याकडे. तिथं चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळीखाली, म्हणजे देवावर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, जो चौरंग मांडतात, तो पणजोबांनी करून घेतलेला. कातीव पाय, रुंद फळी, आणि वर्षानुवर्षांच्या तेला-धुरानं काळाकुळकुळीत झालेला. आम्ही सगळे त्याला शिसवीचा समजत होतो, पाहुण्यांनाही तसंच सांगत होतो. १९९६ साली चवथ चार दिवसांवर आली असताना मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हटलं, यंदा चौरंग चकचकीत करू. मुंबईची मंडळी यायची होती, हेही एक कारण.

घेतला पॉलिशपेपर आणि लागलो घासायला. काळा थर उडाला आणि खालून निघालं पिवळं लाकूड. ओल्या हळदीसारखं पिवळं! शिसव कसली, फणस तो. थोरल्या काकी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चवरंग बदल्लो कितें रे?" फणसाचं लाकूड मुळात पिवळंच असतं. उजेड आणि हवा लागून ते हळूहळू तांबूस, मग तपकिरी होत जातं. तीन पिढ्यांत चढलेला रंग मी एका दुपारी झाडूनं गोळा करून केराच्या टोपलीत टाकला होता.

घाबरलो. घाईघाईनं पॉलिश चढवायला घेतलं. आदल्या वर्षी दारांना केलेल्या पॉलिशची बाटली उरली होती, तीच काढली. बाहेर पाऊस धो धो. पहिला हात दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. बोटाला जरा चिकट लागत होतं. म्हटलं, वाळेल.

आमचा पाट नेहमीप्रमाणे चित्रशाळेत दिलेला होता. मूर्ती त्याच पाटावर घडलेली, चिकणमातीची, चांगली वजनदार. ती पाटासकट चौरंगावर बसली. आमचा गणपती पाच दिवसांचा.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली. भटजींनी अक्षता टाकल्या आणि म्हणाले, "हं, मूर्ती हलवा." धाकट्या काकांनी पाटाला हात घातला. हलेना. त्यांनी मला खूण केली, दोघांनी मिळून जोर लावला, तर खालचा चौरंगच उचलला गेला आणि वर माटोळीतली तोरिंगं, ती मोठी लिंबाच्या जातीची फळं, डोलायला लागली. सगळे गप्प. थोरल्या काकींनी हात जोडले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "ताका वचपाक नाका," म्हणाल्या. त्याला जायचं नाही.

भटजींनी हळूच विचारलं, "घरात कुणाचं काही चुकलंय का?"

आता, घरात दोन काकांचं कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेच्या, पाण्याच्या पाळीवरून चार वर्षं बोलणं बंद होतं. थोरले काका इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. ते पुढं आले आणि देवाकडे बघत म्हणाले, "बुधवारचं पाणी त्यानं घ्यावं. माझी ना नाही." आणि पुन्हा पाटाला हात घातला. तरी हलेना!

मग मात्र मला बोलावंच लागलं. म्हटलं, "काका, ते पॉलिश आहे."

त्यानंतर काकी जे बोलल्या ते मी आकाशवाणीवर सांगू शकत नाही.

शेजारचा मेस्त, म्हणजे सुतार, धावत आला. त्यानं पाटाच्या कडेला बोट लावून वास घेतला आणि म्हणाला, "स्पिरिट हाड. आदीं समई पयस कर." स्पिरिट आण, आधी समई लांब कर. समई लांब नेली, उदबत्ती विझवली, आणि कापसाच्या वातीनं पाटाच्या चारी बाजूंनी थेंब थेंब स्पिरिट सोडलं. स्पिरिट पुरेना, तेव्हा मुंबईच्या एका भावानं फेणी सुचवली. काकींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शेवटी गळाची नायलॉनची दोरी आणली, पाटाखाली घातली, आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी करवतीसारखी ओढत राहिलो. तासभर! वाड्यावरचे बाकीचे गणपती तळीवर पोचून आमची वाट बघत होते, आणि त्या तासभरात जी घुमट-आरती रंगली तशी मी पुन्हा ऐकली नाही. घुमट आणि शामेळ ही चर्मवाद्यं, जोडीला कासाळें, म्हणजे झांज. एवढं दारात असताना लाउडस्पीकर भाड्यानं आणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. असो.

पाट सुटला. गणपती गेले. थोरले काका परत येताना एवढंच म्हणाले, "बुधवारचं दिलं ते दिलं."

आता चुकलं काय, ते थोडक्यात, वेळ कमी आहे. आपण ज्याला स्पिरिट पॉलिश म्हणतो ते म्हणजे चपडा, म्हणजे लाख. पळसावर, बोरीवर, कुसुंबावर लाखेचे किडे ती तयार करतात. आमच्या कुंकळ्ळीचे चितारी लाकडावर रंग चढवतात तोही लाखेचाच. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश झालं. लिटरभर स्पिरिटला २०० ते २५० ग्रॅम चपडा, रात्रभर ठेवायचा, फडक्यानं गाळायचा. पण विरघळवलेला चपडा शिळा होतो. महिने उलटले की त्याची कडक वाळण्याची ताकद जाते. माझी बाटली वर्षाची जुनी. वर पावसाळी हवा. दमट हवेत स्पिरिट उडताना ओल आत अडकते, पॉलिशवर पांढरट धुकं येतं. तेव्हा बाटलीवर तारीख घाला, सहा महिन्यांत संपवा. शंका आली तर काचेवर एक थेंब टाका. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतलं तर बाटली फेकून द्या.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं: आधी स्पिरिटचा बोळा, मग पॉलिशपेपर. पेपर लगेच हातात घ्यायचा नाही. न दिसणाऱ्या जागी, फळीच्या खालच्या बाजूला, स्पिरिटचा बोळा चोळा. चिकट झालं, बोळ्याला तपकिरी रंग आला, तर ते चपड्याचंच पॉलिश. मग बरेचदा नुसतं पुसून, वर पातळ हात देऊन भागतं, जुना रंग राहतो. घासावंच लागलं तर १२० नंबरनं सुरू करून २२० वर जा, लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच. आणि जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, धूळ छातीत जाते. आधी स्पिरिटचा बोळा, मग पॉलिशपेपर.

हल्ली सगळ्यावर मेलामाइनचा काचेसारखा थर मारतात. देव्हारा असो की टीव्हीचं कपाट, सगळं हॉटेलातल्यासारखं दिसतं. ज्याचं त्याला लखलाभ.

आमच्या चौरंगाचं म्हणाल तर दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, ताज्या चपड्यानं मी तो पुन्हा केला. आता बराच तांबूस झालाय. पुढच्या चवथीला भटजी आले, पाय धुतले, आत आले आणि पूजेचं साहित्य मांडायच्या आधी चौरंगाला बोट लावून बघितलं. अजूनही दरवर्षी बघतात.

नमस्कार.