सोन्याचा मुलामा दिलेला तंतू

पात्याखालून निघणारी ही पातळ साल म्हणजे ऑप्टिकल फायबरवरचे, प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूवरचे, संरक्षक आवरण आहे. महापे येथील औद्योगिक वसाहतीतल्या या प्रयोगशाळेत औषधाचे प्रमाण मोजण्यासाठी तंतूचा जेमतेम एक सेंटिमीटर भाग हाताने उघडा केला जातो, कारण पाते किंचित खोल गेले तरी आतल्या काचेवर ओरखडा पडून सारा तंतू वाया जातो.

उघड्या काचेचा व्यास ६०० मायक्रॉन आहे. ती ॲसिटोनने धुतल्यावर निर्वात कक्षात तिच्यावर सोन्याचा सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा थर चढतो. तंतूतून जाणारा प्रकाश काचेच्या कडांवर आपटत पुढे सरकतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा काही अंश काचेबाहेर किंचित डोकावतो. सोन्यातील इलेक्ट्रॉन त्यातल्या एका ठरावीक तरंगलांबीची ऊर्जा शोषून घेतात. तंतूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात दिसणारा खळगा तो हाच.

आता सोन्यावर फेनिटॉइन या अपस्मारावरच्या औषधाचे रेणू मिसळलेले पॉलिमर चढवून घट्ट केले जाते आणि मग त्यातले औषध धुऊन काढले जाते. पेणच्या कारखान्यात गणेशमूर्ती सोडवून घेतल्यावर साच्यात तिचा आकार राहतो, तशा या थरात फेनिटॉइनच्या आकाराच्या पोकळ्या राहतात. नमुन्यातील औषध त्यांत बसू लागले की थराचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, बदलतो आणि खळगा बाजूला सरकतो. तो किती सरकला यावरून औषधाचे प्रमाण कळते. येथे टाकलेला थेंब मोजून औषध मिसळलेल्या कृत्रिम लाळेचा आहे. रुग्णाच्या लाळेत प्रथिनेही असतात आणि तीही या थराला चिकटू पाहतात, हे सांगायलाच हवे.

फेनिटॉइन रक्तात साधारणपणे मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम असावे लागते. यकृताची ते पचवण्याची क्षमता लवकर अपुरी पडते, त्यामुळे मात्रा थोडी वाढवली तरी रक्तातील प्रमाण एकदम चढते. कमी पडले तर झटके येतात, जास्त झाले तर चालताना तोल जातो. लाळेत उतरते ते रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेले, प्रत्यक्ष काम करणारे औषध. म्हणूनच ही मोजणी सुई न टोचता, डॉक्टरांसमोर बसल्या जागी व्हायला हवी, असे आम्हाला मनापासून वाटते.

ठाण्यातील एका रुग्णाच्या या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर झटक्यांच्या तारखांना लाल वर्तुळे आहेत. रक्त देऊन आल्यावर अहवाल दुसऱ्या दिवशी मिळतो, आणि तोवर गोळी कालच्याच मात्रेत द्यावी लागते.