खोडलेली वजाबाकी

मित्रहो,

दोन आठवड्यांपूर्वी माझ्या धाकट्याची हुशार मुलांच्या खास वर्गासाठी निवड झाल्याचे पत्र शाळेकडून आले. त्याच संध्याकाळी थोरली लेक वहीतले कच्चे काम खोडरबराने इतके घासत होती की कागद फाटला. मी कारण विचारले. "बाबा, तो जीनियस आहे, त्याला आपोआप येतं. मला करून बघावं लागतं. ते कुणाला दिसायला नको."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण ते तिने आपल्याकडूनच उचलले आहे. गणपतीत आरती झाल्यावर मुलांचे निकाल सांगताना "अभ्यासाला बसत नाही हो, तरी पहिला" हे आपण कौतुकाने सांगतो. आपल्या लहानपणी बोर्डात आलेल्या मुलाला पेढा भरवतानाचा फोटो छापून येई, तेव्हा तो रोज किती तास अभ्यास करी, हे निदान विचारले तरी जाई.

म्हणून मी तिला संख्यांमध्ये आयुष्यभर रमलेल्या द. रा. कापरेकरांची गोष्ट सांगितली. डहाणूला 1905 साली जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले हे गृहस्थ 1962 पर्यंत देवळालीला शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण नव्हते, आणि अनेक गणितज्ञांना त्यांचे काम किरकोळ वाटे. 1975 साली गणितावर सोप्या भाषेत लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. तोवर ते सत्तरीला आले होते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी 6174 ही संख्या वजाबाक्या करता करताच हाती येते. 1111 सारखी चारही अंक एकच असलेली सोडून कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि उत्तरावर (ते तीन अंकी आले तर पुढे शून्य धरून) पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येते.

लेकीने आपले जन्मवर्ष, 2014, घेतले. 4210 वजा 0124, उत्तर 4086. मग 8172, 7443. चौथ्या वजाबाकीत हातचा चुकला; तिने काट मारून पुन्हा केली. 3996, 6264, 4176, आणि सातव्या वेळी 6174. ती खुर्चीवरून उठून उभीच राहिली.

सगळ्यांना सारखेच येते, असे माझे म्हणणे नाही. कापरेकरांना संख्यांमध्ये जे दिसे ते मला जन्मात दिसणार नाही. परंतु एकाच गोष्टीपाशी वर्षानुवर्षे परत परत येऊन बसण्याची ओढ 'जीनियस' या शब्दातून वगळली, तर आपण नक्की कशाला प्रतिभा म्हणतो, हे मला कळेनासे होते.

"त्यांना तेव्हा कुणी जीनियस म्हणायचं का?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ते गणित भावाला दाखवायला नेले. नव्या पानावर सातही वजाबाक्या सुवाच्य अक्षरात उतरवलेल्या होत्या. काट मारलेले पान मला कचऱ्याच्या डब्यात सापडले.