मोरीचं पाणी आणि पाणकणसाची मुळं

मंडळी, न्हाणीचं आणि मोरीचं पाणी चर काढून अळवाच्या, केळीच्या बुंध्याशी सोडायची आपली रीत चांगलीच होती. घरात माणसं मोजकी, साबण बेताचा, पाणी रहाटाने ओढायचं. तेवढं केळीच पिऊन टाकत. आज त्याच आगरात होमस्टे उभं आहे. सुट्टीत खोल्या भरलेल्या, शॉवर नि वॉशिंग मशिन दिवसभर चालू. खाली पुळणीची वाळू आणि विहीर पंधरा-वीस पावलांवर. वाळूतून झरझर उतरलेलं पाणी जाणार कुठे? हे बघून जीव कासावीस होतो, म्हणून आज रूट झोनच्या वाफ्याबद्दल बोलतोय, म्हणजे खडीत पाणवनस्पती लावून त्यांच्या मुळांशी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या वाफ्याबद्दल.

१९५०च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल या बाईंनी पाणथळीतल्या वनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करायचे प्रयोग सुरू केले. आपल्याला वाटतं, झाड घाण शोषून घेतं. थोडी घेतंही. पण मोठं काम करतात ते मुळांवर आणि खडीवर वस्ती केलेले जिवाणू. पाणकणसाचं, म्हणजे पाणथळीत उगवणाऱ्या लांब पात्यांच्या वनस्पतीचं, पान आडवं कापून बघा, आत पोकळ कप्पेच कप्पे दिसतील. त्या वाटेने हवा मुळांपर्यंत उतरते. मुळाला अगदी लागून प्राणवायू असतो, जरा पलीकडे नसतो. असतो तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. नसतो तिथले त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. दोन्ही कामं एकाच वाफ्यात, एकमेकांना खेटून. मला याचं अजूनही नवल वाटतं.

फॉस्फरस मात्र असा उडून जात नाही. त्याला धरून ठेवायला लोह आणि ॲल्युमिनियम लागतं, आणि आपला जांभा दोन्हींनी भरलेला! खडीत त्याचे तुकडे जरूर मिसळा. फक्त ते टणक हवेत. भुसभुशीत जांभ्याचं पीठ होऊन वाफा तुंबतो.

वाफ्याआधी गाळ आणि तेल अडवणारी टाकी हवीच. मासे धुतलेलं पाणी आणि कढईतलं तेल थेट सोडलंत, तर खडी चिकटून बसेल. वाफा साधारण ६० सेंटिमीटर खोल, माणशी १ ते २ चौरस मीटर. पुळणीत तळाला अस्तर घातल्याशिवाय तो करूच नका. पाणी खडीच्या चार बोटं खाली ठेवा, म्हणजे डास होत नाहीत. पाणकणीस, नळ नावाचं गवत, कर्दळ, जे आसपास उगवतं ते लावा. आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी आत येऊ देऊ नका. आपल्या पावसापुढे कुठलाही वाफा टिकणार नाही.

जलपर्णी चालेल का, असं बरेच जण विचारतात. ती भराभर वाढते, पाण्यातलं खूप काही घेते, पण वेळच्या वेळी काढली नाही तर तिथेच कुजून सगळं परत देते. आपल्या वहाळांत ती आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रासायनिक कारखान्याच्या पाण्यावर मात्र हा उपाय सांगून कुणी तुमची बोळवण करत असेल, तर ऐकू नका. शिसं, पारा यांचं जिवाणू काही विघटन करू शकत नाहीत. ते मुळांत आणि गाळात साठत जातात. तिथलं अळू खाल्लंत तर पोटात जातं. ते विष कारखान्याच्या कुंपणाच्या आतच अडवायला हवं.

घरच्या वाफ्यातून निघालेलं पाणी माडा-पोफळींना द्या. रोगजंतू कमी होतात, पण सगळे जात नाहीत. तेव्हा पालेभाजीला ते नको.