२८ मिलिमीटरवरचा उजेड

श्रोतेहो, भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात निरनिराळ्या समाजांतल्या आणि व्यवसायांतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या आकृत्या मांडलेल्या आहेत, त्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे तर सर्वांच्याच परिचयाचे आहेत. त्यामुळे टीचभर माणूस रंगवणे ही आपल्याला अनोळखी गोष्ट नव्हे. मी आज चिमुकल्या आकृत्या रंगवण्याच्या ज्या छंदाविषयी बोलणार आहे, तो मात्र पटावरच्या कल्पित युद्धखेळांतून वाढला. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि १९८३ साली ‘वॉरहॅमर’ हे खेळ आले आणि त्यांच्यासोबत राक्षस, जादूगार, बुटके योद्धे यांच्या धातूच्या, पुढे प्लॅस्टिकच्या आणि रेझिनच्या आकृत्या आल्या. त्या बहुतेक बिनरंगाच्या विकल्या जातात, रंगवायच्या आपणच.

यातली प्रचलित आकृती पायापासून डोळ्यांपर्यंत साधारण २८ मिलिमीटर उंच असते, म्हणजे खऱ्या माणसाच्या जवळपास साठ पट लहान. आता असे पाहा, की खऱ्या झग्याची तीन सेंटिमीटर खोल चुणी इथे अर्ध्या मिलिमीटरची होते. खोलीतला दिवा मात्र साठ पट लहान होत नाही. त्याच्या उजेडात त्या उथळ चुणीची सावली इतकी बारीक पडते की डोळ्याला जाणवतच नाही, आणि नुसता लाल रंग दिलेला झगा लाल प्लॅस्टिकसारखाच दिसत राहतो. म्हणून जी सावली दिसायला हवी होती ती आपण रंगाने घालायची आणि जो उजेड खांद्यावर, गुडघ्यावर दिसायला हवा होता तोही रंगानेच ठेवायचा. माझ्या मते हा सगळा छंद रंगांचा कमी आणि उजेडाचा अधिक आहे.

नेहमीची कृती याच हिशेबाने चालते. प्रायमरवर, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तरावर, बेसकोट, म्हणजे मूळ रंगाचा थर, त्यावर खाचांत उतरणारा पातळ गडद वॉश आणि शेवटी उंचवट्यांवर फिकट हायलाइट. २०१९ साली आलेले कॉन्ट्रास्ट रंग बेसकोट आणि वॉश ही दोन्ही कामे एकाच हातात उरकतात. काही जुने रंगारी त्यावर नाक मुरडतात, पण पन्नास सैनिकांची पलटण रंगवायची असेल तर मला त्यात काहीच गैर वाटत नाही. मुंबईकरांना एवढेच सांगेन, की पावसाळ्यात डब्यातला प्रायमर फवारू नका. दमट हवेत तो खरखरीत बसतो आणि त्याखाली बारीक कोरीवकाम बुजते. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

उजेडाचा मुद्दा सर्वांत स्पष्ट दिसतो तो तलवारीवर. चकाकणारा चंदेरी रंग न वापरता, केवळ काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या राखाडी छटांनी पोलाद दाखवण्याच्या पद्धतीला ‘नॉन-मेटॅलिक मेटल’ म्हणतात. घासलेल्या धातूवर अगदी गडद आणि अगदी उजळ भाग एकमेकांना खेटून असतात. ती उडी रंगात आली की डोळा त्याला धातू मानतो. छटा हळुवार मिसळत नेल्या तर तीच तलवार दगडी वाटू लागते.

डोळ्यांचे काम लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत आखणीच्या कसबी कारागिराकडेच जाते. इथे ते अर्ध्या मिलिमीटरमध्ये करायचे असते. आधी खोबणीत गडद तपकिरी रंग भरावा, मग त्याची कड राखून मळकट पांढरा द्यावा आणि बुबुळ वरच्या-खालच्या दोन्ही पापण्यांना टेकवावे. ते मध्येच सुटे राहिले तर शूर सरदार दचकलेला दिसतो.

आकृती स्वतःच्या मनाप्रमाणे बदलणे हे याच छंदाचे दुसरे अंग आहे. समजा, आपल्याला मुंजा हवा आहे. एखाद्या बुटक्या पात्राचे धड घ्यावे, मान बारीक करवतीने कापावी, दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर भोक पाडून पितळी तार बसवावी आणि दुसरे डोके सुपरग्लूने चिकटवावे. सांधा, शेंडी आणि जानवे यांसाठी निळी-पिवळी पट्टी मळून होणारी हिरवी पुटी, म्हणजे ‘ग्रीन स्टफ’, वापरावी. हार्डवेअरच्या दुकानातले एमसील पायाखालच्या दगडांना चालते, पण जानव्यासारख्या बारीक कामाला ते भरड पडते. ग्रीन स्टफ घट्ट झाल्यावरही किंचित लवचीक राहते.

या मुंजाच्या हातात पणती दिली, तर उजेडाचा सगळा हिशेब उलटतो. आता प्रकाश खालून येणार, म्हणून हनुवटीखाली, नाकपुड्यांवर आणि भुवयांच्या खालच्या अंगाला नारिंगी छटा जाईल, आणि एरवी आपण उजळ करतो ते कपाळ व खांदे काळसर निळे ठेवावे लागतील. ब्रश उचलण्यापूर्वी आकृती डोळ्यांसमोर धरून पणतीच्या जागेवरून कोणता पृष्ठभाग दिसतो ते तपासावे. जो तिथून दिसत नाही, त्यावर नारिंगी रंगाचा एकही ठिपका पडता कामा नये.