दूध आधी वासराचं

राम राम मंडळी. वसुबारस तोंडावर आलीये, घरोघरी चिवड्याचे पोहे उन्हात पडलेत, आणि आमच्या अमळनेरकडं कापूस वेचणीला मजूर मिळत नाही ही दरवर्षीची रड चालूच आहे, पण ह्या सगळ्या गडबडीतसुद्धा गोठा मात्र आधी झाडला जातो. कारण दिवाळीचा पहिला दिवा धनाला नाही, लक्ष्मीलाही नाही, तो गाय-वासराला. आश्विन वद्य द्वादशी. आणि लक्षात घ्या, नुसत्या गायीला नाही हं, सवत्स धेनू म्हणजे वासरू असलेली गाय लागते.

माझी आजी संध्याकाळी गायीच्या खुरांवर पाणी घालायची, कपाळाला हळद-कुंकू लावायची, गाय जोरात मान हलवायची आणि निम्मं कुंकू आजीच्या लुगड्यावर. वासराला लावलेलं कुंकू तर त्याची माय लगेच चाटून टाकायची, झाली पूजा! त्या दिवशी घरात दूध, दही, तूप काही नाही, गहू-मूगही नाही, बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी. आजोबा कोरा चहा पिताना असं तोंड करायचे की विचारू नका.

लहानपणी वाटायचं हा उपास आहे. नंतर कळलं, त्या दिवशीचं दूध वासराचं, आपण त्यातला वाटा सोडायचा. आजी तर ते रोजच पाळायची. धार काढायच्या आधी वासरू सोडायचं, गायीनं पान्हा सोडला की तीन सडं पिळायची, चौथं वासराला. डेअरीवर लिटर कमी भरतं म्हणून आजोबा कुरकुरायचे, तर आजीचं ठरलेलं उत्तर, "दूध आधी वासरूनं शे, मंग आपलं."

आता गंमत बघा, आजीला अक्षर येत नव्हतं आणि कालिदास तर तिनं ऐकलाही नसेल, पण रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात हेच आहे. दिलीप राजा मूल व्हावं म्हणून वसिष्ठांच्या नंदिनीची सेवा करतो, ती बसली की बसतो, चालली की चालतो, सिंहापासून तिला वाचवायला स्वतःचं शरीर पुढं करतो. ती प्रसन्न होऊन म्हणते, माझं दूध काढून पी. तर राजा म्हणतो, वासराचं पिऊन झाल्यावर, होमाला लागेल ते काढल्यावर, उरेल ते ऋषींच्या परवानगीनं घेईन. वरदान समोर असतानाही रांगेत शेवटी उभा!

गायीच्या पोटात तेहतीस कोटी देव, हे आपण सगळेच ऐकत आलोय, त्यावर मी जास्त बोलत नाही. मला त्यापेक्षा महाभारतातल्या अनुशासनपर्वातली गोष्ट आवडते. लक्ष्मी सजूनधजून गायींकडं येते, म्हणते मला तुमच्यात राहायचंय. गायी सरळ नाही म्हणतात, तू चंचल, तुझा भरवसा नाही, जा. मग ती फार विनवण्या करते, तुमच्यात कुठलीच जागा वाईट नाही, कुठंही ठेवा म्हणते, तेव्हा तिला जागा मिळते ती शेणात आणि गोमूत्रात. आपल्या बायका अंगण सारवतात, उकिरड्याचं शेणखत कपाशीला पडतं, त्या शेतकऱ्याला ही गोष्ट पटवून सांगावी लागत नाही.

बरं, आता जरा कडू बोलतो. शहरातली मंडळी वसुबारसेला गाय शोधत बाजारात जातात, बिचारीला एकाच संध्याकाळी पन्नास घरांच्या पुरणपोळ्या. अहो, एवढं शिजवलेलं गोडधोड एकदम पोटात गेलं की आंबतं, पोट फुगतं, गाय दगावूसुद्धा शकते. त्यापेक्षा हिरव्या चाऱ्याची एक पेंढी न्या. आणि शिळं अन्न गाठ मारलेल्या पिशवीत टाकू नका. गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ती जिभेनं ओढते आणि फारसं न चावता गिळते, रवंथ नंतर. म्हणजे पिशवीसकट पोटात. ते प्लास्टिक ना पचतं ना बाहेर पडतं, साठत जातं, आणि पोट भरलेली गाय उपाशी मरते. तिच्या पाया पडून पुढं जाणारे आपणच, पिशवी टाकणारेही आपणच.

आमच्याकडं आजी आता नाही. गोठ्यात एकच गाय आणि तिची अडीच महिन्यांची कालवड. परवा पाहुणे आले म्हणून माझ्या भावानं घाईघाईत चौथ्या सडालाही हात घातला. आई दारातच उभी होती, काही बोलली नाही, आली, त्याच्या हातातली बादली काढून घेतली आणि कालवडीचं दावं सोडलं. पाहुण्यांना त्या दिवशी कोराच चहा मिळाला.