दूध तोडून वर्ष झालं, तरी अंगावर दूध येतंय?

नमस्कार. मी फार्मासिस्ट आहे. आजचा प्रश्न बायका दुकानातली गर्दी ओसरल्यावर, हळू आवाजात विचारतात. बाळाचं दूध तोडून वर्ष झालं, कुणाला दीड वर्ष झालं, तरी दाबलं की थेंब येतात. कधी ब्लाउजला डाग पडतो. हे ठीक आहे ना?

आधी धीर धरा. पाजणं थांबवल्यावर दूध हळूहळू आटतं. काही महिने, काहीजणींना वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ, दाबल्यावर थेंब येऊ शकतो. दोन्ही बाजूंनी येतोय, पांढरट आहे, फक्त दाबल्यावर येतो आणि पाळी नियमित आहे, असं असेल तर बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. फक्त एक करा, दाबून बघणं बंद करा. स्तनाग्राला स्पर्श झाला की प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं हार्मोन वाढतं. "आटलं का?" म्हणून रोज तपासलं तर त्या तपासण्यानेच दूध चालू राहतं. दूध वाढावं म्हणून सुरू केलेले शतावरीचे ग्रॅन्युल्स अजून चालू असतील तर तेही थांबवा.

आता माझ्या कामातला भाग. प्रोलॅक्टिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून, म्हणजे पिट्युटरीतून येतं. त्यावर डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचा लगाम असतो. काही गोळ्या हा लगाम सैल करतात, आणि त्यातल्या दोन आपल्याकडे अगदी सर्रास घेतल्या जातात, तेही अ‍ॅसिडिटीसाठी! डॉम्पेरिडोन आणि लेव्होसल्पिराइड.

(स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरून) नुसतं पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल, म्हणजे अ‍ॅसिड कमी करणारं औषध असेल तर इथे सहसा त्याचा संबंध नसतो. पण बऱ्याचदा त्याच कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. नावापुढे डी, डीएसआर किंवा एल असं काही दिसलं तर स्ट्रिप उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहिलेली गोळी माणसं महिनोन्‌महिने घेतात, चिठ्ठी न दाखवता घेतात, आणि आम्ही दुकानदारही देतो. हे मला मनापासून खटकतं. डॉक्टर "काही औषध चालू आहे का?" विचारतात, तेव्हा "नाही" असं उत्तर येतं, कारण अ‍ॅसिडिटीची गोळी कुणी औषधात धरतच नाही.

उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल ही औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात. मात्र मानसिक आजाराची गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा औषध बदलू शकतात.

गोळ्यांशिवायही कारणं असतात. थायरॉइड कमी असेल तरी दूध येऊ शकतं, म्हणून प्रोलॅक्टिनबरोबर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी करतात. पुन्हा दिवस गेलेत का, हे तर सगळ्यात आधी बघायचं. प्रोलॅक्टिनचं रक्त झोपेतून उठल्याउठल्या देऊ नका, झोपेत ते वाढलेलं असतं. तासदोन तास जाऊ द्या, लॅबमध्ये थोडं शांत बसा. गरोदर नसलेल्या, पाजत नसलेल्या बाईचा आकडा साधारण 25 नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या आत असतो. थोडा जास्त आला तर घाबरू नका, नुसत्या ताणानेही तो वाढतो, म्हणून पुन्हा तपासतात.

आकडा बराच जास्त असेल, पाळी लांबत किंवा थांबली असेल, डोकेदुखी असेल, बाजूने येणारं वाहन पटकन दिसत नसेल, तर एमआरआय करावा लागतो. पियुषिकेवर छोटी गाठ असू शकते. तिच्या वरूनच डोळ्यांच्या नसा जातात, त्यामुळे कडेची नजर कमी होते. ही गाठ जवळजवळ नेहमीच कॅन्सरची नसते. आठवड्यातून एकदोनदा घ्यायच्या कॅबरगोलिनच्या गोळीने ती बहुतेकवेळा आकसते, ऑपरेशन लागत नाही.

पण स्राव रक्ताळलेला किंवा पाण्यासारखा असेल, एकाच बाजूने आपोआप येत असेल किंवा स्तनात गाठ लागत असेल, तर तो दुधाचा प्रश्न नाही. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आणि जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, अ‍ॅसिडिटीच्यासुद्धा.