कुठला ऑब्जेक्ट बदलला, हे लायब्ररीला कळतं कसं?

डेटाबेसमधून हजारभर रेकॉर्ड्स मेमरीत आले, कोडने त्यातल्या तिघांनाच हात लावला, आणि सेव्ह केल्यावर अपडेटही बरोब्बर त्या तिघांचेच गेले. कुठले तीन हे आपण कुठेच सांगितलेलं नव्हतं!

डेटाबेसमधल्या रेकॉर्ड्सना कोडमधल्या ऑब्जेक्ट्सशी जोडणाऱ्या लायब्ररीज हे आपल्या आपण ओळखतात. त्यातल्या .नेटसाठीच्या एन्टिटी फ्रेमवर्क कोअरचं काम सरळ आहे, पण अंगमेहनतीचं. ऑब्जेक्ट ट्रॅक व्हायला लागला की त्याच्या मूळ व्हॅल्यूजची कॉपी बाजूला ठेवायची, आणि सेव्हचेंजेस, म्हणजे सेव्ह करायचा कॉल, आला की सगळ्या ऑब्जेक्ट्सच्या सगळ्या प्रॉपर्टीज त्या कॉपीशी ताडून बघायच्या. फरक दिसला की तो मॉडिफाइड. थोडे ऑब्जेक्ट्स असले तर कळतही नाही, लाखभर झाले की मात्र जाणवतं, म्हणून नुसतं वाचायचंच असेल तर ट्रॅकिंग बंद ठेवलेलं बरं.

पायथनमधली अशीच लायब्ररी एसक्यूएलअल्केमी, 2006 पासूनची, ती मुळात ॲट्रिब्यूटवरच (म्हणजे ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीवर) पहारा बसवते. नवी व्हॅल्यू टाकली की तिथल्या तिथे नोंद. मग सेशनला, म्हणजे हे सगळे ऑब्जेक्ट्स सांभाळणाऱ्या भागाला, विचारायचं, न्यू कोण, डर्टी (बदललेला) कोण, डिलीटेड कोण. पण डर्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण जुनीच व्हॅल्यू परत टाकली तरी ऑब्जेक्ट तिथे दिसतो! खरंच फरक पडलाय का ते सेशनचं इज-मॉडिफाइड हे फंक्शन सांगतं, आणि आधीची व्हॅल्यू लोड झालेली असेल तर ती ॲट्रिब्यूटच्या हिस्टरीत सापडते.

आता खरी गंमत. कॉलममध्ये जेसन आहे, म्हणजे पायथनसाठी डिक्शनरी (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या), आणि तुम्ही तिच्या आतली एक की बदलली. ॲट्रिब्यूट तर तेच राहिलं ना, त्यामुळे पहाऱ्यावर कुणाला पत्ताच नाही, एरर नाही, कमिट व्यवस्थित, आणि डेटाबेसमध्ये जुनंच. असला बग शोधताना डोकं फिरतं. उपाय म्हणजे म्युटेबलडिक्ट, आतल्या बदलाची खबर देणारी डिक्शनरी, पण तीही फक्त वरच्याच पातळीवर बघते, आणखी आत गेलात तर फ्लॅग-मॉडिफाइड कॉल करून ‘हे बदललंय’ असं स्वतःच सांगावं लागतं.

बदललेले ऑब्जेक्ट्स हरवत मात्र नाहीत. एरवी सेशन ऑब्जेक्टला सैल धरून असतं, तुमच्याकडे रेफरन्स उरला नाही की सोडून देतं, पण बदल झालेला असला तर फ्लश होईपर्यंत, म्हणजे बदल डेटाबेसकडे पाठवले जाईपर्यंत, घट्ट धरतं.

आणि फ्लश झाला की डर्टी रिकामं. मधे एखादी क्वेरी मारली तरी आपोआप फ्लश (ऑटोफ्लश) होऊन यादी गायब होते, त्यामुळे काय बदललं याची नोंद, म्हणजे ऑडिट लॉग, लिहायचा असेल तर बिफोर-फ्लश इव्हेंटमध्येच काय ते बघून घ्या.